ट्रॉलीवरच्या हिरव्या बाटलीबद्दल : नाशिकच्या पार्लरवाल्या मैत्रिणींना खुले पत्र

प्रिय मैत्रिणींनो,

पंचवटी, सिडको, सातपूर, इंदिरानगर, नाशिकरोड, गंगापूर रोड इथल्या आणि घरच्याच पुढच्या खोलीत पडदा ओढून दोन खुर्च्यांवर संसार सावरणाऱ्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार. मी तुमच्यातलीच एक. हातात दोरा धरून मला बावीस वर्षं झाली. आपण डीलरच्या दुकानात भेटतो, सेमिनारला शेजारी बसतो, लग्नसराईत एकीकडे एकाच मुहूर्ताच्या दोन नवऱ्या आल्या की दुसरी मदतीला धावते. त्या नात्यानेच हे लिहिते आहे.

विषय आहे भांगेच्या पानाचं चित्र असलेल्या त्या हिरव्या बाटलीचा. कुणाकडे ती सीरम म्हणून आहे, कुणाकडे फेस ऑइल म्हणून, कुणाकडे फेशियल किटमधली शेवटची स्टेप म्हणून. नावं वेगवेगळी : सीबीडी, हेम्प, कॅनाबिस, विजया. सांगणं एकच, की पिंपल्स जातात. माझी विनंतीही एकच आहे. ज्या मुलीच्या चेहऱ्यावर मुरूम आहेत तिला ही बाटली उपाय म्हणून विकू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण नुसतं "विकू नका" असं कुणी म्हटलं असतं तर मीही ऐकलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या हॉलमध्ये डेमो होता. चहा, समोसा, मोठा पडदा, त्यावर आधीचे आणि नंतरचे फोटो. बोलणारा मुलगा चुणचुणीत होता. परदेशात संशोधन झालंय, पूर्ण नैसर्गिक आहे, नशा होत नाही, केमिकल नाही, एकवीस दिवसांत फरक. दहा बाटल्यांवर दोन फ्री. एमआरपी चौदाशे, आपल्याला निम्म्यात. मी बारा बाटल्या उचलल्या आणि स्टीमरशेजारच्या ट्रॉलीवर, खुर्चीत बसल्या बसल्या दिसतील अशा मांडल्या.

तेव्हा माझ्याकडे थ्रेडिंगला एक मुलगी यायची. सातपूरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची, पोलीस भरतीची तयारी चाललेली. पहाटे मैदान, मग दिवसभर अभ्यासिका. दोन्ही गालांवर आणि जबड्याच्या कडेला लाल, दुखरे मुरूम, काही पिकलेले. गिऱ्हाईक मनातलं कधी बोलतं हे तुम्हाला माहीत आहे. डोळे मिटलेले असतात, दोन बोटांनी भुवईची कातडी ताणून धरलेली असते आणि आपल्या दातात दोरा असतो. तेव्हाच ती म्हणाली, "ताई, याचं काही होईल का हो? मैदानावर सगळ्या बघतात." मी दोरा सोडला आणि ट्रॉलीवरची बाटली तिच्या हातात ठेवली.

पैसे तिने मेसच्या पैशांतून दिले हे मला नंतर कळलं. पहिल्या महिन्यात चेहरा जरा निवल्यासारखा वाटला. मग पुन्हा उमटलं. मी म्हटलं, आतली घाण बाहेर पडतेय, थोडं थांब. हे वाक्य आपण सगळ्याच बोलतो. दुसरी बाटली संपली. असे पाच महिने गेले. त्यानंतर ती बरेच दिवस आलीच नाही, आणि आली ती थोरल्या बहिणीच्या लग्नाचा मेकअप करून घ्यायला.

सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन आडवं येत होतं. प्रायमर लावला, फाउंडेशन स्पंजने दाबत गेले आणि उजव्या गालावर हात थांबला. गालफडावर बारीक, कडा धरलेले खड्डे होते, एकेकात तीळ मावेल एवढे. कन्सीलर आत उतरायचा आणि कडा तशाच वर राहायच्या. पावडर दाबली की प्रत्येक खड्ड्यात पांढरा ठिपका बसायचा. ब्रशने झटकून तो निघेना, ओल्या इअरबडने एकेक टिपून काढावा लागला. डाग काही महिन्यांत फिका होतो हे आपण बघितलंय. खड्डा मात्र कातडीच्या आतलं मांस आखडून झालेला असतो, तो कुठल्याही पॅकने भरून येत नाही. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. "ताई, लाइट समोरून असला की दिसत नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

त्या रात्री एक बाटली घरी नेली. माझं सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. सासरे सत्तरीच्या पुढचे, पण पानाखालच्या थ्रिप्स आणि मिलीबग या किडी बघायला खिशात भिंग अजून असतं. बाटलीवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मी ते भिंग मागून घेतलं. घटकांच्या यादीत पहिलं नाव खोबरेल तेलाचं. मग आणखी एक तेल, सुगंध, आणि त्यानंतर "कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल". सीड, म्हणजे बियांचं तेल. सीबीडी ही अक्षरं बाटलीच्या पुढच्या अंगाला ठळक होती, मागच्या यादीत कुठेच नव्हती.

सासऱ्यांनी बाटली घेतली, उलटीसुलटी फिरवून बघितली आणि विचारलं, "याचा रिपोर्ट कुठंय?"

हा प्रश्न बावीस वर्षांत मी एकाही डीलरला विचारलेला नव्हता.

त्यानंतर मी बरंच वाचलं, ओळखीतल्या डॉक्टरांना आणि फार्मसीच्या प्राध्यापकांना विचारलं. जे नीट समजलं तेवढंच इथे लिहिते.

भांग, गांजा, चरस, हेम्प ही एकाच झाडाची रूपं. त्या झाडात त्याची खास अशी शंभरावर द्रव्यं आहेत. टीएचसी नावाच्या द्रव्याने नशा चढते. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, याने चढत नाही. ही द्रव्यं तयार होतात ती मुख्यतः मादी फुलोऱ्यावरच्या आणि त्याच्या आसपासच्या पानांवरच्या चिकट ग्रंथींत. बियांमध्ये ती जवळजवळ नसतात, कवचाला चिकटून आलेला अंश काय तो. म्हणजे हेम्पच्या बियांचं तेल हे तिळाच्या किंवा जवसाच्या तेलासारखं एक तेल आहे. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, कोरड्या कातडीला ते बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण त्याला सीबीडी म्हणायचं तर आपल्या दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या बियांच्या तेलालाही वाइन म्हणावं लागेल.

हे बियांचं तेल उघड विकता येतं, आणि म्हणूनच ते बऱ्याच बाटल्यांत सापडतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांवाचूनची पानं आणि बिया त्या व्याख्येत धरलेल्या नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पानांच्या अर्काची, खरं सीबीडी असलेली तेलं आपल्याकडे 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर येतात. भांग ही औषध नियमांतल्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, धोतरा आणि बिब्ब्याच्या सोबतीने. अशी औषधं पोटात घ्यायची तर वैद्यकीय देखरेखीखालीच, असं त्यांच्यावर छापावं लागतं. काही जणी "दोन थेंब जिभेखाली पण घे, आतून साफ होईल" असं सांगतात हे मी स्वतः ऐकलं आहे. मैत्रिणींनो, हात जोडून सांगते, हे थांबवा. सीबीडी पोटात गेलं की यकृतावर परिणाम होऊ शकतो, फिट्सच्या आणि रक्त पातळ करण्याच्या काही औषधांशी त्याचं पटत नाही, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते घेऊ नये असं अमेरिकेचं औषध प्रशासन स्पष्ट बजावतं. खुर्चीत बसलेली नवी नवरी दोन महिन्यांनी काय बातमी देणार आहे, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

बरं, समजा बाटलीत खरंच सीबीडी आहे. मग?

इथे त्या डेमोवाल्या मुलावर मला अन्याय करायचा नाही. परदेशात संशोधन झालंय हे त्याचं म्हणणं खरंच आहे. हंगेरीतल्या डेब्रेत्सेन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माणसाच्या तेलग्रंथींच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवल्या, त्यांना जास्त तेल बनवायला लावलं आणि मग सीबीडी दिलं. तेल बनणं कमी झालं, पेशींची वाढ मंदावली, सूज आणि लाली आणणारी रसायनंही शांत झाली. मुरूम कसा होतो ते आपण कोर्समध्ये शिकलोय : तेल जास्त सुटतं, छिद्राचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, आत जंतू वाढतात, मग लाली आणि पू. यातल्या दोन जागी हे द्रव्य काम करतं असं बशीत दिसलं. हे मोलाचं काम आहे. त्यामुळेच जगभर आशा निर्माण झाली आणि त्या आशेवरच आपल्या बाटल्या विकल्या जातात.

पण बशीत द्रव्य थेट पेशीवर पडतं. गालावर त्याला आधी कातडीचा वरचा थर ओलांडायचा असतो आणि मग छिद्राच्या तळाशी असलेल्या ग्रंथीपर्यंत पुरेसं पोचायचं असतं. ते जमतं का, हे माणसांवरच बघावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या बोटॅनिक्स कंपनीने ते बघितलं. पाच टक्क्यांपर्यंत सीबीडी असलेलं औषध, मध्यम ते तीव्र मुरूम असलेले ३६८ जण, बारा आठवडे. काहींना सीबीडीसह औषध, काहींना तेच मिश्रण सीबीडीवाचून. २०१९ मध्ये निकाल आला. सीबीडी लावणाऱ्यांचे मुरूम कमी झाले. नुसतं मिश्रण लावणाऱ्यांचेही झाले. दोन्हींतला फरक आधी ठरवलेल्या कसोटीला उतरला नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये सीबीडीच्या एका औषधाला मंजुरी मिळाली, पण ती दोन दुर्मीळ आणि अवघड अपस्मारांसाठी. मुरमांसाठी तिथे असं कुठलंही औषध मंजूर झालेलं नाही.

त्या बारा आठवड्यांच्या निकालावर मी फार विचार केला. नुसतं मिश्रण लावूनही मुरूम का कमी झाले? उत्तर आपल्या खुर्चीपाशीच आहे. मुरमांचा स्वभाव वर-खाली होण्याचा. मुलगी आपल्याकडे येते ती तिच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, साखरपुडा किंवा कॉलेजचं गॅदरिंग तोंडावर आलेलं असतं तेव्हा. तिथून पुढे काहीही न करता थोडं निवतं. शिवाय आपण सांगतो म्हणून ती दोन वेळा चेहरा धुते, नखं लावत नाही, आईचं जाड कोल्ड क्रीम बंद करते. यश बाटलीच्या नावावर जमा होतं. मी वर्षानुवर्षं "माझ्या हाताला गुण आहे" असं समजत होते. त्यातला किती गुण हाताचा होता आणि किती दिवसांचा, हे मला आता सांगता येत नाही. पडद्यावरच्या दोन फोटोंकडे बघून ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि बाटलीवर लिहिलंय तेच आत असतं असंही नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं काही संशोधकांनी तपासली, २०१७ मध्ये त्याचा निकाल छापून आला. लेबलवर लिहिल्याइतकं सीबीडी निघालं ते फक्त २६ मध्ये. बाकीच्यांत कुठे कमी, कुठे जास्त. १८ उत्पादनांत नशेचं टीएचसीही सापडलं. तिथे ही स्थिती, तर आपल्या सेमिनारमधल्या बिनबॅचच्या बाटलीत काय असेल?

म्हणून सासऱ्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी निम्म्या जणींच्या माहेरी किंवा सासरी बाग असेल. २०१० सालचा हंगाम त्यांना आठवत असेल. युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरतात ते आपलं सीसीसी, याचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. आमच्या घरातलं ठरलेलं एक लग्न त्या वर्षी पुढे ढकललं गेलं. तेव्हापासून आमच्याकडची वही मी बघते आहे. कुठल्या तारखेला कुठली फवारणी, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस औषध बंद, सगळं लिहिलेलं. प्लॉटची नोंदणी झालेली असते, प्लॉटवरून नमुना लॅबला जातो, रेसिड्यूचा, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशांचा, रिपोर्ट हातात आल्यावर मग बागेत कात्री. घरात कुणी मेलं तरी ती वही पूर्ण होते. हॉलंडमधलं एखादं पोर जो मणी तोंडात टाकेल त्याचा कागद आमच्या कपाटात असतो. सातपूरची पोर रोज दोन वेळा चेहऱ्याला जे चोळणार होती त्याचा कागद मी मागितलासुद्धा नाही.

आता मी मागते. बाटलीवर बॅच नंबर हवा आणि त्याच बॅचचा रिपोर्ट हवा. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, कीटकनाशकांचे अंश किती, जड धातू किती. धातूंचं मुद्दाम लिहिते, कारण हे झाड जमिनीतलं शिसं, कॅडमियम ओढून घेण्यात पटाईत आहे. माझ्या डीलरला मी हे विचारलं तेव्हा त्याने "वरून मागवतो" म्हटलं, नंतर फोन उचलणं कमी केलं. तुमचा डीलर देईल कदाचित, विचारून बघा. रिपोर्ट चांगला आला तरी त्या तेलाला कोरड्या कातडीचं तेल म्हणून विका. "पिंपल्स बरे करतं" हे शब्द तोंडातून काढू नका. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं. आजार बरा करण्याचा दावा आला की ते औषध झालं, आणि औषध विकायचा परवाना आपल्याकडे नाही. तेलकट चेहऱ्यावर तर ही तेलं नकोतच. माझ्या बाटलीच्या यादीत पहिलं नाव खोबरेलाचं होतं आणि ते बऱ्याच जणींची छिद्रं बुजवतं. माझ्या त्या मुलीचंही बहुधा तेच झालं असावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळेचं.

हिरव्या बाटलीने तिची कातडी जळली नाही, तिला अ‍ॅलर्जी आली नाही. नुकसान झालं ते पाच महिन्यांचं. खोलवर सुजलेला मुरूम जितके दिवस तसाच राहतो तितका खड्डा पडण्याचा धोका वाढतो. त्या पाच महिन्यांत तिला खरं औषध मिळालं असतं. तेही काही दुर्मीळ नाही. अ‍ॅडापेलिन, बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड ही नावं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. त्यांच्यामागे पुष्कळ वर्षांचा, माणसांवरचा पुरावा आहे. साधी एक ट्यूब आपल्या गोल्ड फेशियलपेक्षा स्वस्त पडते. पण ती कुणी, कशी, किती लावायची ते डॉक्टरने ठरवायचं, आणि ती सुरू झाल्यावर मुलगी टिकवून धरायचं काम मात्र आपल्याला करता येतं. हे मला फार आवडलेलं काम आहे. पहिले दोन-तीन आठवडे कातडी कोरडी पडते, सालं निघतात, मुलगी घाबरून बंद करायला निघते. तिला सांगायचं, हे व्हायचंच, डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लाव, साधं मॉइश्चरायझर लाव, उन्हात जाताना सनस्क्रीन विसरू नको. वाटाण्याएवढं जेल पूर्ण चेहऱ्याला पुरतं, नुसत्या मुरमावर टिकली लावायची नाही. पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा आणि ओढणीचा रंग उडतो, म्हणून रात्री जुना पांढरा अभ्रा घाल. आणि आठ ते बारा आठवडे धीर धर. एकवीस दिवसांचं आश्वासन देणाऱ्या माणसाने मुरूम जवळून पाहिलेला नसतो.

जबड्याच्या कडेलाच मुरूम येत असतील, हनुवटीवर राठ केस असतील, पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्यायला सांगा. हनुवटीचे केस तर आपण स्वतःच्या हाताने काढतो. डॉक्टरच्या आधी ते आपल्याला दिसतात.

एक गोष्ट या बाटलीहून वाईट आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडची क्रीम. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, किंवा मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन घातलेली तिहेरी क्रीम. पहिल्या आठवड्यात चेहरा काचेसारखा होतो आणि मग सुरू होतं : कातडी पातळ, लाल शिरा, बारीक लव, उन्हात आग, आणि क्रीम थांबवली की दुप्पट मुरूम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्वचारोगतज्ज्ञांची आयएडीव्हीएल ही संघटना किती वर्षं याबद्दल ओरडून सांगते आहे. तरी आपल्यातल्या काही जणी डबीत काढलेली बिननावाची "ग्लो क्रीम" देतात. कुठलीही हर्बल, हेम्प, नैसर्गिक म्हणवणारी क्रीम तीन दिवसांत लखलखीत गुण देत असेल, तर तिच्यात काय मिसळलं असेल याचा विचार करा.

मार्जिनबद्दल बोलले नाही तर हे पत्र खोटं ठरेल. एका बाटलीमागे सातशे रुपये सुटतात. आपल्यातल्या कितीतरी जणींचं लाइट बिल आणि मुलांच्या रिक्षाचे पैसे ट्रॉलीवरच्या मालातून निघतात, थ्रेडिंगच्या पैशांत ते भागत नाही. मलाही ते कळतं. बाटल्या काढल्यापासून माझा महिना थोडा कमी भरतो. त्या जागी मी सुगंध नसलेलं फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर आणि चांगलं सनस्क्रीन ठेवलंय. मार्जिन कमी आहे, पण ते संपतं आणि मुलगी परत मागायला येते. पिकलेल्या मुरमांवर मी स्क्रब, ब्लीच, मसाज आणि एक्स्ट्रॅक्शन बंद केलंय. रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात शनि चौकातल्या, तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उड्या मारून आलेल्या पोरी लालबुंद चेहऱ्याने येतात तेव्हा पूर्वी मी लगेच फेशियल लावायचे. आता गार पाण्याचा हात फिरवते आणि आठ दिवसांनी ये म्हणते.

डॉक्टरकडे पाठवायचं तर फी परवडत नाही, हे पालक आपल्याला ऐकवतात. सिव्हिल हॉस्पिटल आहे, आडगावच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढून तिथे दाखवता येतं. माझ्या दारात मी आता एक कागद चिकटवलाय, त्यावर दोन्हीकडे जायचा रस्ता लिहिलाय. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. डीलर आपल्याला वर्षातून चार वेळा हॉलमध्ये बसवतो, तर एकदा आपणच वर्गणी काढून एखाद्या त्वचारोगाच्या प्राध्यापकांना बोलावू शकत नाही का? प्रश्न आपण विचारायचे, विकायला कुणी काही आणायचं नाही.

सीबीडीवर माझा राग नाही. उद्या माणसांवरच्या मोठ्या चाचणीत ते उतरलं, औषध म्हणून मंजूर झालं, तर माझ्याकडे येणाऱ्या मुलींना त्याची माहिती मी स्वतः देईन. सिंहस्थ जवळ आला आहे, गोदाकाठी औषधी पाल्याच्या, जादूच्या तेलांच्या दुकानांची रांग लागेल, त्यात भांगेच्या नावाचंही बरंच काही येईल. भाविक काय घेतील ते घेतील. आपल्या ट्रॉलीवरून मात्र ते विकलं जाऊ नये.

त्या मुलीचा चेहरा आता शांत आहे. डॉक्टरांच्या औषधाने नवे मुरूम यायचे थांबले. खड्ड्यांसाठी सुयांच्या आणि लेझरच्या सिटिंग्ज सांगितल्या आहेत. "भरती झाले की पहिल्या पगारातून करीन," म्हणते. दोन बाटल्यांचे पैसे मी तिला परत द्यायला गेले तर तिने घेतले नाहीत, म्हणून तिच्या मेसच्या काकूंकडे भरून आले.

उरलेल्या चार बाटल्या माझ्याकडे आहेत. सोमवारी आपल्यापैकी बहुतेकींची सुट्टी असते. येत्या सोमवारी दुपारी तीन वाजता माझ्या पार्लरमध्ये या. ज्या मला ओळखतात त्यांनी इतरांना घेऊन या. आपापल्या ट्रॉलीवरची एकेक बाटली सोबत आणा, मागचं लेबल फाटलेलं नसेल अशी. भिंग मी सासऱ्यांकडून आणून ठेवते.

तुमचीच,
नाशिकची एक पार्लरवाली